बीजकाचे चलन मोजायचे: सीमाशुल्क नोंदी की सर्वेक्षण?

मालव्यापाराची आकडेवारी कंपनीचा आकार-क्षेत्र आणि बीजकाच्या (इनव्हॉइसच्या) चलनानुसार लावायची असेल, तर पेच हमखास पडतो: सीमाशुल्क घोषणापत्रे उद्योग नोंदवहीशी (कंपन्यांच्या अधिकृत यादीशी) जोडायची, की कंपन्यांनाच विचारायचे?

खर्चात पहिला मार्ग सरस. घोषणापत्रावर चलन आधीच असते, कंपन्यांवर नवा बोजा नाही. पण खरी मेहनत जोडणीत आहे. घोषणापत्रावर फक्त कंपनीचा क्रमांक असतो; तिचा आकार आणि क्षेत्र नोंदवहीतून येते. एका करक्रमांकाखाली अनेक कंपन्या असल्या की व्यापार कोणाच्या खाती टाकायचा हे ठरवावेच लागते. शिवाय कारखान्यासाठी आयात करणारा घाऊक व्यापारी 'व्यापार' क्षेत्रातच मोजला जातो.

सर्वेक्षण महाग, आणि लहान कंपन्यांबाबत डळमळीत. मात्र पैसे प्रत्यक्षात कोणत्या चलनात चुकते झाले, चलन कोणी ठरवले, हे तेच सांगते. बीजकाचे चलन आणि पैसे चुकते करण्याचे चलन एकच असेल असे मानणे मला घातक वाटते.

नियमित, तपशीलवार तक्ते हवे असतील तर नोंदी घ्या. कारणे शोधायची असतील, किंवा युरोपीय संघांतर्गत व्यापाराप्रमाणे सीमाशुल्क घोषणापत्रेच नसतील, तर सर्वेक्षण.