वाकलेल्या पिना आणि माझे 14 हजार

मुलगा अकरावीत गेला तेव्हा घरीच पीसी जोडायचं ठरवलं. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून आय5-12400 प्रोसेसर, बी660 चा मदरबोर्ड (ज्यावर बाकीचे भाग बसतात तो मुख्य बोर्ड) आणि 8 जीबीच्या दोन रॅम घेतल्या. बोर्ड 11,500 ला पडला. पक्कं बिल हवं तर 18 टक्के जीएसटी वर लागेल म्हणाले, म्हणून मी साध्या चिठ्ठीवर भागवलं. (तेवढाच माझा शहाणपणा.) "चेक करून देतो," म्हणत पोऱ्याने बोर्डाचा बॉक्स आत नेला आणि पाच मिनिटांनी आणून दिला.

घरी बोर्डावरच्या सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या खाचेत, प्रोसेसर बसवून तिचा दांडा खाली दाबला, तर असा करकर आवाज आला की छातीत धस्स झालं. पीसी चालू केला. स्क्रीन काळी, बोर्डावर रॅमचा लाल दिवा. एक रॅम काढली की चालायचा, दुसऱ्या बाजूच्या स्लॉटमध्ये कुठलीही रॅम घातली की पुन्हा लाल दिवा.

दुसऱ्या दिवशी बोर्ड घेऊन दुकानात गेलो. मालकाने प्रोसेसर काढला, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला आणि सॉकेटमधल्या पाच-सहा आडव्या झालेल्या पिना दाखवल्या. "पहिल्यांदाच जोडताय ना? हात हलला असेल. फिजिकल डॅमेजला वॉरंटी नाही." मला तो करकर आवाज आठवला आणि मी मान खाली घातली. पिना सरळ करायचे 2,500 रुपयेही निमूट दिले, वर आभार मानले!

आठ दिवसांनी बोर्ड मिळाला, चारच दिवस चालला. मग मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलीने बोर्डावरचा सिरियल नंबर टाकला आणि विचारलं, "हा परत का आणलात?" माझ्या खरेदीच्या दोन महिने आधीच तो बोर्ड कुणीतरी तिथे आणला होता, आणि सॉकेट खराब म्हणून वॉरंटी नाकारून परत पाठवलेला होता. बॉक्सवरचा नंबर वेगळाच निघाला.

तो करकर आवाज प्रत्येक नव्या सॉकेटचा होतो, हे तिथेच कळलं. सॉकेटवरचा पत्रा प्रोसेसरला चांगल्याच जोराने दाबून धरतो, म्हणून. रॅम सांभाळणारा कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, त्यामुळे सॉकेटची पिन वाकली तरी रुसतो तो रॅमचा स्लॉट. आणि सगळ्यात मोठी खूण माझ्या नाकासमोर होती. नव्या बोर्डाच्या सॉकेटवर काळं प्लास्टिकचं झाकण घट्ट बसवलेलं येतं. माझ्या बॉक्समध्ये ते सुटं पडलेलं होतं, आणि मी ते पॅकिंग समजून कचऱ्यात टाकलं.

दुकानदार चक्क म्हणाला, हा बोर्ड आमचा नाहीच. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पण चिठ्ठीवर ना जीएसटी नंबर, ना सिरियल नंबर, नुसतं "मदरबोर्ड 1". पुढे काही झालं नाही.

दुसरा बोर्ड ठाण्यात घेतला, पक्क्या बिलावर. काउंटरवरच बॉक्स उघडायला लावला, बॉक्सचा, बोर्डाचा आणि बिलावरचा नंबर जुळवला, झाकण काढून पिनांवर टॉर्च मारला आणि सगळ्याचा व्हिडिओ मुलाला काढायला लावला. मागे रांग लागली होती. दुकानदार वैतागून म्हणाला, "साहेब, कंपनीचा माल आहे."

"पहिलाही कंपनीचाच होता," म्हटलं, आणि पिना मोजल्यासारख्या बघत राहिलो.