पांतानालची बर्डिंग टूर: चोपी ब्लॅकबर्ड बघायचा असेल तर नक्की करा

ब्राझीलच्या पांतानाल या प्रचंड पाणथळ प्रदेशात गाईडसोबत ही टूर केली, एकदम मस्त अनुभव. पोकोने ते पोर्तो जोफ्री हा ट्रान्सपांतानेइरा रस्ता साधारण 145 किमी, बहुतेक कच्चा आणि वाटेतले पूल तर विचारूच नका, पण दोन्ही बाजूंना नुसती पाणथळ. लोक इथे जॅग्वारसाठी येतात, मला मात्र चोपी हवा होता. हा अख्खा काळा पक्षी, उन्हात पिसं चमकतात, आणि गाईडने दुर्बिणीतून खालच्या चोचीच्या मुळाशी असलेल्या तिरक्या रेघा दाखवल्या ना, तेव्हा कळलं की बाकीच्या काळ्या पक्ष्यांतून हा कसा ओळखायचा. ताडाच्या झाडांतल्या ढोलीत घरटं करतो, थव्याने फिरतो आणि आवाज काय गोड आहे! त्या आवाजापायीच लोक त्याला पकडून पिंजऱ्यात ठेवतात, फार वाईट वाटतं, असा मोकळा गाताना ऐकला की जास्तच.

गाईडला पूर्ण मार्क. गाडीत मात्र धूळ फार येते, मास्क न्या. कोरड्या सीझनमध्ये, मे ते सप्टेंबरमध्येच जा, पावसाळ्यात बराच भाग पाण्याखाली असतो.