बीयूसीवर लिहिलेले 80 वॉट

चॅनेलच्या डीएसएनजी व्हॅनवर (जागेवरून सॅटेलाइटमार्गे लाइव्ह पाठवणारी गाडी) चौदा वर्षं काढली. गेल्या वर्षी मे महिन्यात जुनी 400 वॉटची टीडब्ल्यूटीए (सिग्नलची पॉवर वाढवणारा ट्यूबवाला ॲम्प्लिफायर) उतरवली आणि 80 वॉटचा, गॅलियम नायट्राइड ट्रान्झिस्टरवाला केयू बँड बीयूसी चढवला, म्हणजे सिग्नल सॅटेलाइटच्या फ्रिक्वेन्सीवर नेऊन त्याची पॉवर वाढवणारा डबा. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तक्रारही करायची आहे.

आधी वॉटचं. खोक्यावरचे 80 वॉट, म्हणजे 49 डीबीएम (पॉवरचं एकक; 3 डीबी वाढले की पॉवर दुप्पट), हे सॅच्युरेशनचे, पार टोकाला रेटल्यावरचे. कॅरिअर, म्हणजे आपला वर जाणारा सिग्नल, स्वच्छ हवा असेल तर माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरांत छापलेले 46 डीबीएम, म्हणजे 40 वॉट, एवढेच आपले. त्यापुढे रेटलं की स्पेक्ट्रम ॲनालायझरवर कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना शोल्डर (शेजारच्या फ्रिक्वेन्सीत सांडलेला सिग्नल) उठतात आणि सॅटेलाइट कंट्रोलचा फोन येतो.

चारशेवरून चाळीसवर आलात म्हणून आमचा ड्रायव्हर हसला. पण टीडब्ल्यूटीएसुद्धा पूर्ण कधी चालवत नव्हतो, त्यात रॅकपासून डिशसमोरच्या फीडपर्यंतचा वेव्हगाइड (सिग्नल नेणारी धातूची पोकळ नळी) जवळजवळ एक डीबी खायचा. आता बीयूसी डिशच्या बूमवरच (फीड धरणाऱ्या दांड्यावर), मध्ये वीतभर वेव्हगाइड. शिवाय एचईव्हीसीमुळे (व्हिडिओ जास्त दाबणारी पद्धत) चित्राचा बिटरेट उतरलाय, म्हणून पॉवरही कमी लागते. 1.8 मीटरच्या डिशवर कोरड्या हवेत लिंक आरामात निघते.

पावसात नाही. जुलैत आंबोलीला सर आली तशी पॉवर वाढवत गेलो; दोन डीबीत हात टेकले. शेवटी 8पीएसके सोडून क्यूपीएसकेवर (डेटा कमी नेणारं, पण कमजोर सिग्नलवरही टिकणारं मॉड्युलेशन) आलो, चित्र जरा मऊ झालं, पण बुलेटिन निघालं.

सुख म्हणाल तर वेळेचं. ट्यूब तापायची तीन मिनिटं आणि तेवढा वेळ कानात ओरडणारा डेस्क, दोन्ही गेले. जनरेटरवर एसीही चालतो आता.

तक्रार फ्लँजची, म्हणजे वेव्हगाइड जोडायच्या चकतीची. डब्ल्यूआर-75 मापाच्या फ्लँजला खाच आहे, पण तिच्यात बसायची रबरी रिंगच खोक्यात नव्हती, आणि मीही घाईत तसाच आवळला. पहिल्याच पावसात रिफ्लेक्टेड पॉवरचा (पॉवर उलटी परत येत असल्याचा) अलार्म, बीयूसी बंद. वेव्हगाइड सोडला तर चमचाभर पाणी निघालं! सर्व्हिसला मेल टाकला, नवव्या दिवशी उत्तर आलं: फोटो पाठवा. तोवर मी मुंबईत नागदेवीला रबराच्या दुकानात माप देऊन रिंगा आणल्या होत्या. किंमत सांगितली तर कंपनीलाच लाज वाटेल.

यंदा मेमध्ये चंद्रपूरला दुपारी टेम्परेचर अलार्म आला. पंख्याच्या जाळीत कापसासारखी धूळ बसलेली. पंखा चार स्क्रूंत बाहेर येतो, ही रचना मात्र ज्याने केली त्याने कधीतरी उन्हात काम केलेलं असणार. ब्रशने झाडला, वर छत्री बांधली, अर्ध्या तासात लाइव्ह.

काम जास्त करून घाटात-कोकणात असेल तर 80 वर थांबू नका, वरचा घ्या. आणि रिंगा आधी मागा.