2,38,000 किमी झालेली गाडी ठेवायची की काढायची? तपासणी करून घेतली, त्याचा अनुभव

माझी गाडी 14 वर्षांची, पेट्रोल, मॅन्युअल गिअर, रनिंग 2,38,000. गेल्या सर्व्हिसिंगला वर्कशॉपवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटांत सांगून टाकलं की इंजिन संपलंय, यात आता पैसे घालू नका, एक्सचेंजमध्ये द्या. मी घरी येऊन रात्रभर विचार केला आणि मग वाटलं की ज्याला मला नवी गाडी विकायची आहे त्याचं मत घेऊन मी का ठरवतेय? म्हणून एक स्वतंत्र तपासणीवाला शोधला, जो फक्त तपासतो, रिपेअरही करत नाही आणि गाड्याही विकत नाही. ही सर्व्हिस मला प्रचंड उपयोगी पडली म्हणून सविस्तर लिहितेय.

फोनवर पहिलीच गोष्ट त्याने सांगितली, "ताई, मी येईपर्यंत गाडी अजिबात चालू करू नका, रात्रभर उभी असलेली गार गाडी पाहिजे." कारण पहिल्या स्टार्टलाच बरंच कळतं. सेल्फ मारल्यावर तो सायलेन्सरच्या मागे जाऊन उभा राहिला. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबला नाही तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत जातंय, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील, बघायला लागेल. (गारठ्यात सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येते, ती नॉर्मल असते.) माझ्या गाडीचा हलका निळा धूर आला आणि पाच-सात सेकंदांत बंद झाला, तो म्हणाला वॉल्व्ह सील (वॉल्व्हवरून ऑइल आत झिरपू न देणारी रबरी सील) कडक झाली असणार, यासाठी कोणी गाडी भंगारात काढत नाही.

मग इंजिन गरम करून कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते बघायचं. चारही स्पार्क प्लग काढले, इग्निशन आणि पेट्रोल बंद केलं, मला सीटवर बसवून एक्सलेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायला लावला आणि प्रत्येक सिलिंडरला गेज लावून आकडा मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लावला. 172, 175, 150, 170 पीएसआय (दाबाचं माप). तिसरा कमी. त्यात त्याने चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि परत टेस्ट केली तर आकडा 168 वर गेला, म्हणजे गळती पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या बाजूने आहे, वॉल्व्हची असती तर ऑइल टाकून एवढा फरक पडला नसता. सिलिंडरांमधला फरक साधारण 15 टक्क्यांच्या आत असेल तर चालवता येते, माझा 14 च्या आसपास आहे. म्हणजे इंजिन झिजलंय हे खरं, संपलंय हे खोटं. हे ऐकून मला खरंच रडू आलं, कारण मी जवळपास सही करायला निघाले होते.

पण त्याने सगळ्यात जास्त वेळ घालवला तो गाडीच्या खाली. जॅक आणि स्टँड लावून दरवाजांखालचा पत्रा, जॅक लावायच्या जागा, मागच्या सस्पेन्शनची माउंटिंग, सगळीकडे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेला. चांगल्या पत्र्याचा ठण आवाज येतो, आतून कुजलेला असेल तर भद्द. माझ्याकडे एकाच जागी वरवरचा गंज निघाला, घासून अँटीरस्ट मारला की झालं. त्याचं म्हणणं असं की इंजिन, क्लच, गिअरबॉक्स बदलता येतात, पण चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, सडलं की गाडी संपली, मग रनिंग 80,000 असो की 3 लाख. मला हे शंभर टक्के पटलं. अमेरिकेत अर्व्ह गॉर्डन नावाचे शिक्षक होते, त्यांच्या 1966 च्या व्होल्व्हो पी1800 ने 2013 मध्ये 30 लाख मैल पूर्ण केले, म्हणजे 48 लाख किमीच्या वर. आपली गाडी तेवढी जाणार नाही हे मान्य, पण नुसत्या मीटरच्या आकड्यावरून कोणी गाडी मोडीत काढायला सांगत असेल तर ऐकू नका.

हिशोबाचंही सांगते. लोक म्हणतात रिपेअरचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या वर गेला की विका. मला ही तुलनाच चुकीची वाटते. जुन्या गाडीची किंमत आधीच पडून गेलेली असते, ती आता अजून किती पडणार? मी तीन वर्षांची सगळी बिलं काढली, टायर-बॅटरी धरून, 36 ने भागलं आणि नव्या गाडीच्या महिन्याच्या हप्त्याशेजारी ठेवलं. हप्त्याच्या तिसऱ्या भागाएवढंही होत नाही, आणि त्यात नव्या गाडीचा वाढीव इन्शुरन्स आणि पहिल्या वर्षांत धडाधड उतरणारी किंमत धरलेलीच नाही. सेकंडहँड घेतली तर कोणाच्यातरी गाडीचे न माहीत असलेले प्रॉब्लेम घरी आणायचे, त्यापेक्षा माझ्या गाडीचे मला पाठ आहेत.

सर्व्हिसमध्ये उणं काय ते पण लिहिते. रिपोर्ट दोन दिवस उशिरा आला. एसी फक्त हात लावून बघितला, गेज लावलं नाही. ट्रायल जेमतेम तीन किमीची घेतली, त्यात गिअरबॉक्सचं काय कळणार, निदान अर्धा तास तरी चालवायला हवी होती. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि वॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) कधी बदलला हे मात्र त्याने आवर्जून विचारलं, मला बिल सापडलं नाही तर म्हणाला आधी तोच बदला, कारण बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन वॉल्व्हवर आदळतात आणि मग खरंच इंजिन उघडावं लागतं.

एक गोष्ट अजून मनात खुपतेय. माझ्या गाडीत दोन एअरबॅग आणि एबीएस आहे, पण घसरताना गाडी सावरणारं ईएससी नाही, आणि ते 1995 पासून गाड्यांमध्ये येतंय. लेक पुढच्या वर्षी गाडी शिकेल, तेव्हा याच एका कारणासाठी मी गाडी बदलेन कदाचित. तोपर्यंत ठेवतेय. बेल्ट, वॉटर पंप आणि ब्रेक ऑइल या आठवड्यात बदलून घेतलं, डिपस्टिकवर इंजिन ऑइलची पातळी दर 1,000 किमीला बघतेय, आणि वर्षभराने याच माणसाला परत बोलावणार आहे, तिसऱ्या सिलिंडरचा आकडा 150 वरून किती खाली आलाय ते बघायला.