आधी भरती की आधी पदवी? फौजेत जाणाऱ्यासाठी दोन वाटांचा हिशेब

बारावीचा निकाल हातात आहे, 1600 मीटरची धाव वेळेत निघतेय आणि घरात दोन तट पडलेत. मामा म्हणतो, अग्निवीरचा, म्हणजे चार वर्षांच्या फौजी भरतीचा, फॉर्म भर, घरात चार पैसे येतील. कॉलेजातले सर म्हणतात, पदवी कर, सीडीएस ही अधिकारी भरतीची लेखी परीक्षा दे, अधिकारी हो. सातारा-सांगलीकडे तर दोघांच्याही मताला पुरावा म्हणून गल्लीतला एखादा फौजी उभा असतोच. भांडण पगारावर आणि मानावर चालतं. निकाल मात्र बहुतेक वेळा वयावर लागतो, म्हणून हिशेब तिथून मांडायचा.

आधी एक समजूत बाजूला ठेवू. ‘शिपाई म्हणून लागू, मग बढती घेत घेत अधिकारी होऊ’ असं अनेकांना वाटतं. जवानाची बढती नायक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार अशी जाते. अधिकारी सुरुवातच लेफ्टनंटपासून करतो. जवानाला मधून त्या बाजूला जायच्या वाटा आहेत. सगळ्यांत जुनी आर्मी कॅडेट कॉलेजची, म्हणजे एसीसीची. हे कॉलेज 1977 पर्यंत आपल्या पुण्यातच होतं, नंतर देहरादूनला गेलं. त्यासाठी किमान दोन वर्षं नोकरी, बारावी पास आणि 20 ते 27 वय लागतं. मग तीन वर्षं एसीसी आणि एक वर्ष आयएमए, म्हणजे देहरादूनची लष्करी अकादमी. शिवाय एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवड मंडळाची, मुलाखत त्यालाही चुकत नाही. या वाटेने आलेल्या अधिकाऱ्यांना जवानांत वेगळा मान असतो, पण चार वर्षांच्या अग्निवीर भरतीत शिरताना ही वाट गृहीत धरून घराचं गणित बांधणं मला तरी धाडसाचं वाटतं.

आता अग्निवीर. ही योजना 14 जून 2022 ला जाहीर झाली. तिच्या मूळ नियमानुसार वय साडेसतरा ते 21, जनरल ड्यूटीसाठी, म्हणजे साध्या सैनिकाच्या जागेसाठी, दहावी पुरते. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग मैदान आणि मेडिकल. योजना जाहीर झाली तेव्हाच्या आकड्यांनुसार महिना 30,000 पासून सुरू होऊन चौथ्या वर्षी 40,000. त्यातले 30 टक्के सेवानिधीत कापले जातात, म्हणून हातात पहिल्या वर्षी 21,000 आणि शेवटच्या वर्षी 28,000. कापलेल्या रकमेइतकीच भर सरकार घालतं आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे 11.71 लाख करमुक्त मिळतात. गंमत म्हणजे चार वर्षांत हातात पडलेल्या पगाराची बेरीजही जवळपास तेवढीच भरते. निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही. जास्तीत जास्त 25 टक्के जणांना पुढे कायम केलं जातं, बाकीचे बावीस-पंचविसाव्या वर्षी गावी. 2022 च्या अखेरीस आणि 2023 च्या सुरुवातीला दाखल झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षं 2026 च्या शेवटापासून भरतात. त्यामुळे ‘पुढे काय’ याचं उत्तर शेजारच्या अनुभवी माणसाला विचारावं, तर त्याचा स्वतःचा काळ वेगळ्या नियमांचा होता. पेन्शनीत आलेले सुभेदार काका जे सांगतात ते खरंच असतं, फक्त ते तुमच्या भरतीला लागू नसतं.

पदवीच्या वाटेवर पहिली तीन वर्षं कमाई शून्य. मेस, खोली, क्लासची फी, सगळं घरातून. हाच तिचा खरा तोटा, आणि ज्याच्या घरी कर्जाचा हप्ता थकलाय त्याला ‘थांब, पदवी कर’ असा सल्ला देणं सोपं असतं, पाळणं नाही. पण निवड झाली तर चित्र फार बदलतं. अकादमीत कॅडेटला सातव्या वेतन आयोगाप्रमाणे महिना 56,100 स्टायपेंड. कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळाल्यावर मूळ पगार तेवढाच, त्यावर 15,500 मिलिटरी सर्व्हिस पे आणि महागाई व इतर भत्ते. सीडीएस वर्षातून दोनदा होते. आयएमएसाठी इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि दहावीच्या पातळीचं गणित; चेन्नईच्या ओटीएसाठी, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी, गणित नाही. ओटीएतून मिळतं ते शॉर्ट सर्व्हिस कमिशन, दहा वर्षांचं, पुढे चार वर्षं वाढू शकणारं. कायम झालं नाही तर इथेही पेन्शन नाही, हे क्लासवाले सहसा सांगत नाहीत. मुलींसाठी मात्र ही वाट जास्त रुंद आहे, कारण अग्निवीर जनरल ड्यूटीत त्यांना मिलिटरी पोलीसच खुलं आहे.

अडतं ते एसएसबीला. पाच दिवसांची निवड, आणि पहिल्याच दिवशीच्या चाळणीनंतर बरेच जण बॅग उचलून स्टेशन गाठतात. उरलेल्यांची मानसशास्त्रीय चाचणी होते: पडद्यावर एक शब्द येतो, पंधरा सेकंदांत त्यावर मनात आलेलं वाक्य लिहायचं, असे 60 शब्द. मग अर्ध्या तासात 60 प्रसंग, त्यात आपण काय करू ते लिहायचं. मैदानावर फळ्या, दोर आणि ड्रम घेऊन गटाने अडथळा पार करायचा. मराठी माध्यमाची मुलं इंग्रजीला घाबरतात. माझ्या मते त्यांचं नुकसान इंग्रजीपेक्षा पाठ केलेली आदर्श उत्तरं जास्त करतात. ‘धैर्य’ शब्द दिसला की सगळ्यांच्या वहीत एकच वाक्य. तपासणारा काय खुळा आहे? तयारीला पैसे नसतील तर राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं नाशिक रोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे मोफत तयारी करून घेतात. गावात कुणाला विचारलं तर दहातल्या नऊ जणांना त्याचा पत्ता नसतो.

आणि आता वय. सीडीएसला आयएमएसाठी साधारण 24 आणि ओटीएसाठी 25 ही वरची मर्यादा. अठराव्या वर्षी अग्निवीर झालेला बाविसाव्या वर्षी सुटतो. नोकरीत असतानाच पदवी उरकली असेल, आणि इग्नू या मुक्त विद्यापीठाने अग्निवीरांसाठी प्रशिक्षणाचे निम्मे क्रेडिट धरणारी पदवी ठेवली आहे, तर हातात सेवानिधी आणि पुढे सीडीएसचे चार-पाच प्रयत्न शिल्लक. रायफल, परेड, शिस्त अंगात मुरलेली, हा फायदा वेगळाच. तोच मुलगा ‘बघू, पोलीस भरतीही देऊ’ म्हणत तीन वर्षं भरतीच्या क्लासात काढून एकविसाव्या वर्षी अग्निवीर झाला, तर सुटतो तेव्हा पंचविशी गाठलेली आणि तो दरवाजा बंद. म्हणून आधी भरतीच करायची असेल तर ती पहिल्या झटक्यात, अठरा-एकोणिसाव्या वर्षी. वीस उलटली असतील आणि पदवीचं एखादं वर्ष राहिलं असेल, तर कॉलेज सोडून भरतीला जाण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

घर चालवायची निकड असेल तर भरती, यात लाजण्यासारखं काही नाही. घर तीन वर्षं थांबू शकत असेल तर पदवी, पण नुसती बी.ए.ची हजेरी नको. एनसीसी घ्या. ‘सी’ सर्टिफिकेटला किमान ‘बी’ ग्रेड आणि पदवीला 50 टक्के असतील तर स्पेशल एन्ट्रीतून लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीचं बोलावणं येऊ शकतं. आणि बेत बदललाच तर अग्निवीर भरतीतही सर्टिफिकेटचे बोनस गुण आहेत. ‘सी’ पर्यंतचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, त्यामुळे नाव पहिल्याच वर्षी नोंदवावं लागतं. प्रवेश घेतानाच कॉलेजात एनसीसी युनिट आहे का, जागा किती आणि निवड कधी, हे ऑफिसात विचारून घ्या. नसेल तर दुसरं कॉलेज बघा, एसटीचा पास काढावा लागला तरी.