खारेपाटातल्या मातीचे आकडे रिपॉझिटरीत टाकले, त्याला आठ महिने झाले

मी पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत, भातशेतीतल्या क्षारांवर काम करते. तीन हंगामांची मोजमापं एका आंतरराष्ट्रीय कृषी डेटा रिपॉझिटरीत, म्हणजे संशोधनाचे आकडे जपून इतरांना खुले करणाऱ्या ऑनलाइन भांडारात, जमा केली, त्याला आठ महिने झाले. खाली तक्रारीही आहेत, म्हणून तिचं नाव देत नाही. ती डेटाव्हर्स या मुक्त सॉफ्टवेअरवर चालते. त्याच सॉफ्टवेअरवरच्या बऱ्याच रिपॉझिटरी आहेत, तेव्हा तुमचा अनुभव फार वेगळा नसेल.

आधी हे कशासाठी, ते सांगते. आपल्याकडे कृषी विद्यापीठांचे प्रबंध कृषिकोश या ऑनलाइन संग्रहात जातात आणि ती सोय उत्तमच आहे. पण प्रबंधात छापली जाते ती सरासरी. कुठल्या शेतात, कुठल्या महिन्यात, किती खोलीवर काय आकडा आला, ते माझ्या लॅपटॉपवर आणि पावसात भिजून फुगलेल्या चार वह्यांत होतं. लॅपटॉप एकदा बंद पडला, तेव्हा पोटात गोळा आला. त्याच आठवड्यात खातं उघडलं.

फॉर्म भरणं सोपं आहे. शीर्षक, लेखक, सारांश, कालावधी, ठिकाण. विषयाचे शब्द फाओ या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अ‍ॅग्रोव्हॉक या शब्दकोशातून निवडले. खारेपाट आणि उघाडी (बांधातलं पाण्याचं दार) हे आपले शब्द मुक्त रकान्यात घातले. फाईली चढवल्या, तपासणीसाठी पाठवल्या आणि वाटलं, सुटले. अकरा दिवसांनी मसुदा परत आला. सोबत क्युरेटरचे, म्हणजे तिथे डेटा तपासणाऱ्याचे, नऊ प्रश्न.

पहिलाच प्रश्न असा: ईसीच्या (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप) स्तंभात एका ओळीत ३.६ आहे आणि तिच्याखाली १८४०, ही दोन्ही एकाच एककात आहेत का?

नव्हती. आमचा हातातला मीटर क्षार कमी असले की मायक्रोसायमन दाखवतो आणि वाढले की आपोआप मिलिसायमनवर जातो. चिखलात उभं राहून वही भरणाऱ्याने आकडा उतरवला, त्यापुढचं एकक नाही. १८४० मायक्रोसायमन म्हणजे खरं तर १.८४ मिलिसायमन. मला ते बघताक्षणी कळतं, कारण तिथे मी उभी होते. परक्या माणसाने ते कशावरून ओळखावं? दोन दिवस बसून सगळा स्तंभ डेसीसायमन प्रति मीटरमध्ये आणला. मिलिसायमन प्रति सेंटिमीटर आणि डेसीसायमन प्रति मीटर यांचा आकडा एकच असतो, एवढाच काय तो दिलासा.

दुसरा प्रश्न त्याहून मोलाचा होता. हा ईसी संपृक्त अर्काचा (मातीचा पाण्यात चिखल करून त्यातून ओढून काढलेल्या पाण्याचा), की एक भाग माती आणि दोन भाग पाणी अशा मिश्रणाचा? क्षारयुक्त जमिनीची ४ डेसीसायमनची मर्यादा आपण सगळे पाठ म्हणतो, ती संपृक्त अर्काची आहे. एकास दोन मिश्रणात पाणी जास्त, म्हणून तीच माती बराच कमी आकडा दाखवते. आमची सगळी मोजमापं एकास दोनची होती आणि मी ते कुठेच लिहिलं नव्हतं. कुणीही आमचे २ आणि २.५ बघून 'जमीन चांगली आहे' म्हणून पुढे गेलं असतं. एप्रिल-मेमध्ये खालचे क्षार वर चढून बांधाच्या कडेला पांढरे पापुद्रे धरणारी ही जमीन आहे. पहिल्या पावसांनी ते धुतल्याशिवाय तिथे कुणी बियाणं टाकत नाही.

एक्सेलबद्दल थोडक्यात. आमच्या चाचणीत पनवेल ३ बरोबर भुरा रता ४-१० ही किनाऱ्यावरची जुनी क्षार सोसणारी जात होती. नाव एका स्तंभात आणि क्रमांक शेजारच्या स्तंभात घातला. एक्सेलने ४-१० चा ४ ऑक्टोबर करून टाकला आणि तीन हंगाम कुणाच्या लक्षात आलं नाही. एक्सेलच्या याच सवयीपायी मानवी जनुकांची काही नावं २०२० मध्ये अधिकृतपणे बदलावी लागली. तेव्हा असा स्तंभ आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा. मराठी मजकुराची सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर अक्षरांचा चिवडा दिसला तर घाबरू नका. ती फाईल एक्सेलमध्ये आयात करताना यूटीएफ-८ निवडलं की सुधारतं.

आता रिकाम्या रकान्यांची गोष्ट. २०२४ च्या सप्टेंबरातल्या एका फेरीत सहा शेतांचे आकडे नव्हते. वहीत फक्त 'पाणी' असा शब्द. क्युरेटरने विचारलं, नमुना घेतला नाही, हरवला, की मोजता आला नाही? मला धड आठवेना. शेवटी ज्यांच्या शेतात आम्ही काम करतो त्या काकांकडे गेले. ते ओटीवर जाळं विणत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "पिठोरीचे उधानाला बांद गेला, गवरी गेल्यावं बांदला."

पंचांग काढलं. त्या वर्षी पिठोरी अमावास्या २ सप्टेंबरला होती आणि गौरी विसर्जन १२ तारखेला. म्हणजे बांधाला खांड पडून खाडीचं पाणी निदान दहा दिवस त्या शेतात आत-बाहेर करत होतं. पुढच्या फेरीत तिथला ईसी एकदम का चढला, याचा उलगडा मला त्या ओटीवर झाला. वर्षभर मी तो मोजणीतला दोष समजत होते. आता त्या सहा रकान्यांत 'पूरस्थिती' असा वेगळा कोड आहे आणि रीडमीत, म्हणजे डेटासोबतच्या माहितीच्या फाईलमध्ये, खांडीच्या तारखा आहेत. पिशवीवरचं लेबल पुसल्यामुळे गेलेल्या नमुन्यांना दुसरा कोड दिला.

रीडमीची ती चार पानं लिहायला मला नऊ दिवस लागले. सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त उपयोगाचं काम तेच. हंगाम संपल्यावर लगेच लिहिली असती, तर दोन दिवसांत झाली असती.

नावांचा प्रश्न मात्र अवघड गेला. मूळ फाईलमध्ये शेतकऱ्यांची नावं आणि सातबाऱ्यावरचे गट क्रमांक होते. ते काढले. अक्षांश-रेखांश दोन दशांश स्थळांपर्यंतच ठेवले, म्हणजे जागा साधारण किलोमीटरभराच्या अंदाजाने कळते, शेत ओळखू येत नाही. हे काकांना समजावून सांगितलं, तर ते म्हणाले, "मंग माजा नाव हाय काय त्यान?" त्यांना नाव हवं होतं. तीन वर्षं आम्हाला बांधावरून हिंडवणाऱ्या माणसाने ते मागणं अगदी रास्त आहे. क्युरेटरशी बोलून मार्ग निघाला: ज्यांनी लेखी संमती दिली, त्यांची नावं आभारात, कुठल्याही शेताशी न जोडता.

परवान्यावरून आमच्या मार्गदर्शकांशी दोनदा बोलणं झालं. आयते आकडे कुणी उचलेल ही भीती त्यांच्या पिढीत खोल आहे आणि ती उगाच नाही. सीसी बाय ४.० घेतला, वापरा, पण श्रेय द्या. आमचा लेख येईपर्यंत फाईलींवर सहा महिन्यांची मुदतबंदीही ठेवता आली.

तक्रारी दोन. पेणमध्ये वीज गेली, नेट अडखळलं की फॉर्म अर्ध्यावर बाहेर फेकतो आणि लिहिलेलं जातं. मजकूर आधी वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवा. आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर आठ-दहा दिवस वाट बघावी लागते. शेतीचा हंगाम कुणासाठी थांबत नाही, हे तिथे कुणीतरी लक्षात घ्यायला हवं.

आवृत्त्यांची पद्धत मला मनापासून आवडली. नुसती माहिती सुधारली तर १.१ होते, फाईल बदलली तर २.०, आणि जुनी आवृत्ती तशीच दिसत राहते. फेब्रुवारीत खोलीच्या स्तंभात माझीच चूक सापडली. दुरुस्त केली, कारण लिहिलं. डीओआय, म्हणजे डेटाचा कायमचा ओळख क्रमांक, तोच राहिला. मागच्या महिन्यात बांगलादेशच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या एका संशोधिकेचा मेल आला. तिची मोजमापं संपृक्त अर्काची आहेत. आमच्याकडे जपून ठेवलेल्या काही नमुन्यांवर दोन्ही पद्धतींनी मोजून दाखवाल का, असं तिने विचारलं आहे. ते काम सुरू केलंय.

दरम्यान रीडमी मराठीत लिहून तिचा छापील कागद काकांना दिला होता. त्यांनी नातीकडून वाचून घेतला आणि दोन तारखा चुकल्यात असा निरोप पाठवला. त्या दुरुस्त करून मराठी फाईल जोडते. ती आवृत्ती ३.० असेल.