नवा कूलर म्हणून रंग मारलेलं भंगार गळ्यात मारलं

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा ट्रक असेल आणि मागे ट्रेलर लावत असाल, आणि गिअरबॉक्सचं ऑइल गार ठेवायला वेगळा कूलर बसवायचा विचार असेल तर हे वाचा, लांबलंय जरा पण मी जे भोगलं ते दुसऱ्या कोणी भोगू नये म्हणून सगळं लिहितोय. आधीच कबूल करतो, यात माझीही चूक आहे. मी काही दूधखुळा नाही, वीस वर्षं गाड्या चालवतोय, इंजिन ऑइल स्वतः बदलतो, आणि तरी स्क्रीनवरचा एक आकडा बघून भुललो.

माझा पिकअप ट्रक, ऑटोमॅटिक, महिन्याला चार-पाच फेऱ्या ट्रेलर लावून, आणि त्या वाटेत एक लांबलचक चढ. डॅशबोर्डवरचा गिअरबॉक्सच्या टेंपरेचरचा काटा कायम मधोमध म्हणून मी निवांत होतो. मग एका मित्राने त्याचा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले खरे आकडे दाखवणारं यंत्र, दिला, तो लावून गेलो तर चढाच्या वरच्या टोकाला ऑइल ११६ डिग्री! आणि काटा तेव्हाही मधोमधच. नंतर कळलं की बऱ्याच गाड्यांत हा काटा मुद्दाम असा आळशी ठेवलेला असतो, मधल्या मोठ्या रेंजमध्ये तो हलतच नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

आता ऑइल एवढं तापतं का, तर टॉर्क कन्व्हर्टरमुळे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात क्लचसारखा पक्का जोड नसतो, ऑइल घुसळून ताकद पुढे जाते, सपाट रस्त्यावर स्पीड धरला की कन्व्हर्टर लॉक होतो आणि घुसळण थांबते, पण लोड घेऊन चढावर हळू चाललात की लॉक सुटतो आणि मग ती सगळी उष्णता ऑइलमध्ये. कंपनीचा कूलर असतो, पण तो बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या बाजूच्या टाकीत, म्हणजे ऑइल गार करणार कोण तर इंजिनचं पाणी, जे स्वतःच ९० च्या आसपास असतं. या धंद्यातला जुना ठोकताळा असा की साधारण ८० डिग्रीच्या वर दर ११ डिग्रीला ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. ११६ म्हणजे काय ते तुम्हीच मोजा. त्यामुळे समोर जाळीमागे हवेवर गार होणारा वेगळा कूलर लावायचा ही कल्पना चांगलीच आहे, एवढं होऊनही मी सांगेन की लावा. फक्त माझ्यासारखा लावू नका.

ओळखीतून एक मेकॅनिक मिळाला. बोलायला एकदम गोड. "दादा, तुमचं काम मी स्वतः करणार, पोरांकडे देणार नाही. फ्रेश पीस आहे, स्टॅक्ड प्लेटवाला, ट्यूबवाला हलका माल मी लावतच नाही." हे खरं आहे बरं का, स्टॅक्ड प्लेटचा, म्हणजे एकावर एक पोकळ पट्ट्या रचलेला कूलर साध्या नळी-आणि-पात्यांच्या कूलरपेक्षा तेवढ्याच जागेत जास्त काम करतो, त्यामुळे माणसाला विषय कळतो असं वाटून मी खूश. अर्धं खरं बोलणारा माणूस पूर्ण खोटं बोलणाऱ्यापेक्षा वाईट, कारण त्याचं खरं तेवढं आपल्याला पटतं आणि त्याच्या मागून बाकीचं आत येतं.

फिटिंगच्या दिवशी सकाळी मी ट्रेलर ओढून तसाच त्याच्याकडे गेलो. त्याने लगेच स्कॅनर लावला, १०८ दिसलं, मला मोबाइलवर फोटो काढायला लावला. "हे बिफोर. आफ्टर संध्याकाळी बघू." संध्याकाळी गेलो तर कूलर बसलेला, काळा कुळकुळीत, गाडी उभ्या जागी चालू, स्कॅनरवर ५४. "बघा दादा, निम्म्यावर आणलं." मी दुसरा फोटो काढला, चार जणांना पाठवला सुद्धा. त्याने एक रिकामा खोका माझ्या सीटमागे ठेवला, म्हणाला वॉरंटी लागली तर हा खोका दाखवावा लागतो, जपून ठेवा.

आता या बिफोर-आफ्टरमध्ये काय मेख आहे ते कळायला मला दोन महिने लागले, तुम्ही दोन मिनिटांत समजून घ्या. सकाळी गाडी लोड ओढून आलेली. संध्याकाळी तीच गाडी दिवसभर उभी राहून गार झालेली, त्यात लाइन कापल्या म्हणून सांडलेल्या ऑइलच्या जागी कॅनमधलं गार ऑइल भरलेलं, आणि गाडी पार्कमध्ये आयडलवर दहा मिनिटं चालू. लोडच नाही तर उष्णता येणार कुठून? कूलर लावला नसता तरी ५४ च्या आसपासच दिसलं असतं. वर काही गाड्यांत कूलरच्या लाइनवर थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह असतो, ऑइल पुरेसं तापेपर्यंत तो कूलरकडे ऑइल नीट सोडतच नाही, अशा गाडीत उभ्या उभ्या दाखवलेल्या आकड्याचा कूलरशी संबंधच नसतो. खरी परीक्षा एकच, तोच ट्रेलर, तोच चढ, जवळपास तसंच हवामान.

ती परीक्षा मी केली, केली नाही असं नाही. पुढच्याच फेरीत चढावर ११२ दिसलं. चार डिग्रीचा फरक! पण मी काय केलं, तर ऊन जास्त आहे अशी स्वतःचीच समजूत घातली. पैसे मोजून झाले की माणूस विकणाऱ्याची वकिली स्वतःच करायला लागतो.

महिनाभराने सकाळी डी मध्ये टाकलं की गाडी दोन सेकंद विचार करून मग निघायला लागली. मग सपाट रस्त्यावर एकसारख्या स्पीडला थरथर, जसं काही खडबडीत पट्ट्यांवरून चाललोय. मेकॅनिकला फोन केला तर म्हणे नवीन ऑइल सेट व्हायला वेळ लागतो. गिअरबॉक्स ऑइल सेट वगैरे काही होत नसतं हे आता कळतंय.

शेवटी फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्यांनी आधी डिपस्टिकचा वास घेतला, मग खालचा चेंबर खोलला. चेंबरमध्ये एक लोहचुंबक असतो, त्यावर करड्या रंगाची मऊ पेस्ट असतेच, ती नॉर्मल झीज. माझ्या चुंबकावर सुईसारखे कण होते आणि ऑइलच्या तळाला पिवळसर चमकी. ही पितळी चमकी बुशांची, म्हणजे आतल्या फिरत्या दांड्यांना आधार देणाऱ्या कड्यांची असते म्हणाले, आणि काळा गाळ क्लच प्लेटांचा. पहिला निष्कर्ष त्यांचाही तोच, ट्रेलर ओढून गिअरबॉक्स खाल्लास. मी मान खाली घालून ऐकत होतो.

मग त्यांनी जाळी काढून कूलर बघितला आणि विचारलं, हा कधी लावला? दोन महिने झाले म्हटलं. काही न बोलता त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने कोपरा खरवडला. काळ्या रंगाखाली आधीचा उडालेला रंग, ब्रॅकेटवर गंज, आणि रंगाच्या खाली पान्याचे ओरखडे. नव्या वस्तूला आधी पाना लागेल कसा आणि नंतर रंग लागेल कसा? पात्यांच्या मधे रंग एवढा बसलेला की पलीकडचा उजेड दिसेना, म्हणजे हवा जाणार कुठून. मोडलेली पाती कंगव्याने सरळ केल्याच्या खुणा पण दाखवल्या.

कूलर सोडवून त्यांनी उलट्या बाजूने सॉल्व्हंट आणि हवा मारली. जे बाहेर आलं ते बघून पोटात गोळा आला, काळा चिखल आणि त्यात तीच पितळी चमक.

इथे मीच त्यांना म्हणालो की काका, ही घाण माझ्याच गिअरबॉक्सची नसेल कशावरून? तो मेकॅनिक पण हेच म्हणणार. त्यावर त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. ऑइल गिअरबॉक्समधून निघून आधी रेडिएटरमधल्या कंपनीच्या कूलरमध्ये जातं, तिथून बाहेरच्या कूलरमध्ये आणि मग परत गिअरबॉक्सला, माझ्या गाडीत जोडणी तशीच होती. म्हणजे घाण माझी असेल तर ती आधी रेडिएटरवाल्या कूलरमध्ये सापडायला हवी. तो वेगळा फ्लश केला, निघालं गढूळ लाल ऑइल आणि थोडासा करडा गाळ, बस. चिखल बाहेरच्या कूलरमध्येच होता. कोणाचातरी गिअरबॉक्स मेला, त्याचा सगळा चुरा त्याच्या कूलरमध्ये अडकला, तो कूलर भंगारात गेला आणि तिथून रंगून माझ्या गाडीत आला.

आणि हे किती वाईट आहे बघा. कूलरच्या आतल्या वाटा अरुंद, त्यात ऑइल घुसळावं म्हणून पातळ पत्र्याच्या घड्या असतात, त्यात अडकलेला चुरा पूर्ण निघेल याची खात्री कोणी देत नाही, म्हणून गिअरबॉक्स फुटला की चांगले कारागीर कूलरही बदलायला सांगतात. त्यात बऱ्याच ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये कूलरमधून परत आलेलं ऑइल फिल्टरमधून जात नाही, ते थेट बुश आणि गिअरच्या वंगणाला जातं, फिल्टर नंतर येतो. म्हणजे दुसऱ्याच्या मेलेल्या गिअरबॉक्सचा चुरा माझ्या बुशांवर डायरेक्ट. कूलर न लावता ११६ वर चालवला असता तरी एवढं नुकसान एवढ्या लवकर झालं नसतं.

बाकीही गमती होत्याच. कूलरला जोडलेला होज, म्हणजे रबरी पाइप, पेट्रोलचा, त्यावर तसं छापलेलं, पण छापील बाजू बॉडीकडे वळवून बसवलेली. गिअरबॉक्स ऑइलच्या होजवर एसएई जे १५३२ असं छापलेलं असतं, साधा पेट्रोलचा पाइप त्या उष्णतेने कडक होऊन तडकतो किंवा क्लॅम्पमधून सटकतो, आणि सटकला तर सगळं ऑइल बघता बघता रस्त्यावर. कूलर धरायला ब्रॅकेट अर्धेच, बाकी प्लॅस्टिकच्या पट्ट्या थेट एसीच्या कंडेन्सरच्या, म्हणजे समोरच्या जाळीच्या, पात्यांतून ओवलेल्या, त्या घासून एसीला भोक पडायचं बाकी होतं.

मेकॅनिककडे गेलो भांडायला. तो अजिबात चिडला नाही, हेच जास्त लागलं. "दादा, मी फ्रेश पीस म्हणालो, नवा म्हणालो का?" बिल काढून बघितलं तर "कूलर व फिटिंग", एवढंच. ना मेक, ना पार्ट नंबर, ना नवा हा शब्द. फोटो दाखवले तर म्हणे बघा, ५४ तुम्हीच काढलंय ना. माझाच फोटो माझ्याविरुद्ध.

म्हणून सांगतो, कूलर बसवायच्या आधी तुमच्या हातात द्यायला लावा, तोंडांना प्लॅस्टिकची टोपणं आहेत का बघा, पांढरा कागद मागे धरून पात्यांतून उजेड येतो का बघा, तोंडात स्वच्छ फडकं फिरवून बघा काळं होतं का. बिलावर पार्ट नंबर आणि "नवीन" हा शब्द लिहून घ्या, लिहायला कां-कूं केली की तिथूनच गाडी वळवा. ऑइल कुठलं भरलं तेही लिहून घ्या, सगळ्या गाड्यांना चालतं असं लाल ऑइल म्हणून काही भरू देऊ नका, रंग लाल म्हणजे ऑइल बरोबर असं नसतं, गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड आहे तोच. आणि ऑइलची लेव्हल पुस्तकात सांगितलेल्या टेंपरेचरलाच बघायची.

गिअरबॉक्स उघडावाच लागला. बुश, क्लच प्लेटा बदलल्या, व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलच्या वाटा उघड-बंद करणारा भाग) साफ केली, रेडिएटर पण बदलला कारण काका म्हणाले शंका ठेवायची नाही. कूलर मी स्वतः आणला, पॅक फोडून त्यांच्या हातात दिला. परवा तोच चढ, तोच ट्रेलर, ऊन तेवढंच, वरच्या टोकाला ९३.

काल गाडी साफ करताना सीटमागे तो वॉरंटीचा खोका सापडला. जुना कूलर मी पुरावा म्हणून ठेवलाय, सहज त्या खोक्यात घालून बघितला. आडवा घातला, तिरका घातला, कसाही घातला तरी चार बोटं बाहेरच राहतो.